काळी वायर चालणार नाही

माझ्या सासूबाईंना शुभकार्यात काळी वायर चालत नाही.

हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. (पत्रिका जुळवताना वायरींचा विषय निघत नाही.) लग्नानंतरही इतकी वर्षं तो निघाला नाही, कारण आमच्या घरात वायर आणि नारळ एकाच पाटावर कधी आलेच नव्हते. ते मी आणले. त्यानंतर जे झालं, ते पाचोऱ्यापासून आमच्या मळ्यापर्यंतच्या रस्त्यावर अजून सांगितलं जातं आणि दर वेळी त्यातलं पाणी थोडं वाढतं. म्हणून म्हटलं, एकदा मूळ पातळी लिहून ठेवावी.

मी जळगावला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माहेर धुळ्याचं. नवरा, म्हणजे नितीन, विम्याच्या कचेरीत आहे आणि घरातला बल्बसुद्धा मीच बदलते. सासू-सासरे मात्र पाचोऱ्याकडे मळ्यातच राहतात. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात, सासूबाईंना अक्का. घराच्या पायरीवरून उतरलं की केळीची बाग सुरू होते, आणि आबांचं आयुष्य त्या पायरीच्या पलीकडेच गेलेलं आहे.

बागेचे चार तुकडे. मोटर एकच, आणि तिचं पाणी एका वेळी एकाच तुकड्याला पुरतं. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह. एकाचं पाणी झालं की तो बंद करायचा आणि दुसरा उघडायचा. काम सोपं आहे, फक्त शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आबा उशाशी टॉर्च ठेवून झोपायचे, म्हणजे खरं तर झोपायचेच नाहीत. दर थोड्या वेळाने उठायचं, चपला घालायच्या आणि टॉर्चच्या उजेडात चिखल तुडवत व्हॉल्व्ह फिरवून यायचं.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात ते बांधावर घसरले आणि गुडघा दुखावला. डॉक्टरांनी बजावलं, रात्रीचं चालणं बंद. आबांनी डॉक्टरांसमोर मान डोलावली आणि त्याच रात्री बाहेर गेले. गडी ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत. नितीन रागावला, अक्का रडल्या, मी समजावलं. आबा शांतपणे म्हणाले (आमच्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी होते), "मंग केयीले कोन पानी पाजी? तुम्हना डॉक्टर?"

मला हे फार लागलं. ज्या माणसाने मला या घरात पहिल्या दिवसापासून सुनेपेक्षा लेकीसारखं वागवलं, तो रात्री चिखलात धडपडतो आणि मी जळगावात मुलांना सर्किटं शिकवते! मी जाहीर केलं, "आबा, तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या बटण दाबाल आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडेल. मी करून देते."

"वायर चोरी जास," आबा म्हणाले.

"लांब वायर नाहीच. बॅटरीवर चालेल, आणि बटण रिमोटचं."

"बॅटरी उतरी जास," आबा म्हणाले.

"नाही उतरणार," मी म्हणाले. (हे मी बोलायला नको होतं.)

पहिला प्रयोग मी उन्हाळ्यात केला आणि त्यात बॅटरी उतरली. त्याचं कारण सांगते, कारण पुढच्या पुरासाठी ते माहीत असणं गरजेचं आहे. विजेच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये एक कॉइल असते. तिच्यातून करंट वाहतो तोवर व्हॉल्व्ह उघडा राहतो, करंट थांबला की मिटतो. म्हणजे दार उघडं ठेवायला एका माणसाने रात्रभर दाराला पाठ लावून उभं राहायचं. तो माणूस बॅटरी खातो. एका पाळीत माझी नवीकोरी बॅटरी रिकामी झाली आणि कॉइल इतकी तापली की हात लावता येईना.

आबांनी तिच्यावर फडकं टाकलं, ते गरम फडकं गुडघ्यावर ठेवलं आणि डोळे मिटले.

"बरं वाटस," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस, बॅटरी रोज चार्ज करून, माझं सर्किट शेक घ्यायला वापरलं गेलं. शेजारच्या मळ्यातले लोटन भाऊ, जे आबांचे बालमित्र आणि माझे कायमचे परीक्षक आहेत, तेही कंबर घेऊन आले. त्यांनाही आराम पडला. "मॅडम," ते म्हणाले, "पानीनं काही नही जमनं, पन दवाखाना जोरमा चाली!"

मी चिडून कामाला लागले. आता मी लॅचिंग व्हॉल्व्ह आणले. यात दाराला पाठ लावून कोणी उभं राहत नाही, दाराला कडी असते. एक छोटासा धक्का दिला की कडी सरकते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आत एक लोहचुंबक त्याला धरून ठेवतं. बॅटरी त्या वेळी झोपलेली असते. बंद करायचा असेल तर तसाच धक्का उलट्या दिशेने द्यायचा, म्हणजे प्लसचं मायनस आणि मायनसचं प्लस करून. धक्का डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाच, पण जोरदार हवा. एवढा जोर छोट्या बॅटरीत नसतो. म्हणून बॅटरीने हळूहळू कपॅसिटर भरायचा आणि मग कपॅसिटरने सगळं एका दमात ओतायचं. नळाला करंगळीएवढी धार असली तरी हंडा भरतोच, आणि भरलेला हंडा कोणाच्या अंगावर उपडा केला की त्याला तो चांगला कळतो. मधे चार ट्रान्झिस्टरांचा एक पूल बांधला, करंट इकडून पाठवायचा की तिकडून हे ठरवायला. साबणाच्या डबीएवढा रिमोट केला. त्यावर चार व्हॉल्व्हची बटणं, प्रत्येकाचं एक हिरवं, एक लाल. हिरवं म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद, जसं सगळ्या जगात असतं तसं.

घरी टेबलावर सगळं झकास चाललं. टक, उघडा. टक, बंद. बॅटरी उतरेचना! आनंदाने मी नितीनला झोपेतून उठवून तो टक ऐकवला.

"छान टक आहे," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

मार्गशीर्षात आबांनी चाचणीचा दिवस ठरवला, आणि त्याच दिवशी मळ्यात भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे थंडीत कोणतंही महत्त्वाचं काम वांग्यांशिवाय पूर्ण होत नाही. सोयरीक ठरवायची असो की भांडण मिटवायचं असो, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची आणि केळीच्या पानावर बसून बोलायचं. आबांनी भावकी बोलावली, लोटन भाऊ बोलावले, आणि मला बाजूला घेऊन अट सांगितली.

"बठ्ठास्ना समोर दखाड. चालनं ते हाई टॉर्च तुन्हा हातमा, मी रातले उठाव नही. नही चालनं ते परत हाऊ विषय काढानं नही."

म्हणजे सगळ्यांसमोर चाललं तर टॉर्च माझी, नाही तर विषय कायमचा बंद; एका टकवर आबांचा गुडघा पणाला लागला होता. मी म्हटलं, "कबूल."

पार्टीच्या सकाळी मी चारी व्हॉल्व्ह बसवले, अडीअडचणीला हातानेही फिरवता येणारे. प्रत्येकाशेजारी खांबावर एक डबा, त्यात बॅटरी आणि सर्किट, आणि डब्यातून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दोन वायरी, लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस. सुबक काम झालं होतं. तेवढ्यात अक्का पूजेचं ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, नारळ, अगरबत्ती. पहिल्या डब्याकडे वाकल्या आणि वाकल्या तशाच थांबल्या.

"हाई काय व? काया वायर?"

"अक्का, ती मायनसची आहे."

"नारय फोडाना दिन काया रंग? पयलं पानी चालू करानं, आनि काया? मी काया वायरले हयद-कुकू लावाव नही!"

"अहो पण ती काळीच असते. सगळीकडे काळीच असते."

"सगळीकडे पानी बी येत नही," अक्का म्हणाल्या.

मी नितीनकडे पाहिलं. तो वांग्यांना तेल लावण्यात अचानक फार गुंगला होता. आबांनी बांधावरून हाक मारली, "पोरी, ती म्हनस तसं करी टाक. पूजा नही व्हयनी ते ती जेवाव नही, आनि ती नही जेवनी ते माले जेवाले भेटाव नही."

आता, मी तिथे ठामपणे सांगायला हवं होतं की विजेला रंग नसतो पण वायरीला असतो. पण सून म्हणून चांगलं दिसायची हौस कोणाला नसते? माझ्या पिशवीत लाल वायरीचं भेंडोळं होतं. मी काळ्या वायरी काढल्या आणि लाल घातल्या. आता प्रत्येक डब्यातून दोन लाल वायरी निघाल्या, जुळ्या बहिणींसारख्या. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही! दोघींमधला फरक कळावा म्हणून जोडण्याआधी मी एका वायरीला गाठ मारली. चारी डब्यांत एकेक गाठ. किती साधा उपाय, मी स्वतःवरच खूश झाले. मग अक्कांनी चहाला बोलावलं. मी चहा प्याले, दोन गोष्टी बोलले, परत आले आणि गाठी बघून वायरी व्हॉल्व्हला जोडल्या.

फक्त एक बारीकशी गोष्ट झाली होती. गाठ म्हणजे प्लस की गाठ म्हणजे मायनस, हे मी चहाबरोबर पिऊन टाकलं होतं. क्षणभर विचार केला. माझ्या मनाने सांगितलं, गाठ मायनसलाच मारली असणार, कारण काळ्याच्या जागी जी आली तीच वेगळी ओळखायला हवी. किती तर्कशुद्ध! (तर्क बरोबर होता. गाठ मात्र प्लसला होती.)

तेव्हा लाइट नव्हती, म्हणजे पाणीही नव्हतं. म्हणून मी नुसती बटणं दाबून पाहिली. हिरवं, टक. लाल, टक. उघडताना जो टक होतो तोच मिटताना होतो, हा या व्हॉल्व्हचा दोष म्हणा की स्वभाव म्हणा. माझं समाधान झालं. शेवटी नियमाप्रमाणे पहिल्या तुकड्याचं हिरवं दाबलं, कारण पाणी तिथे सोडायचं होतं, आणि बाकी तिघांचं लाल. चौथ्याचं लाल तर मी दोनदा दाबलं.

चौथ्याची काळजी होती त्याला कारण होतं. चौथा तुकडा विहिरीला सगळ्यांत जवळ, आणि तिथली केळी नुकतीच निघाली होती. ठिबकच्या बारक्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या आणि जमिनीवरच्या मोठ्या पाइपाची भोकं उघडी होती, एका ओळीत, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मळ्यात मोकळी जागा तेवढीच, म्हणून पार्टी तिथेच मांडली होती. सतरंज्या त्या पाइपाच्या दोन्ही बाजूंना.

"मॅडम, आठे पानी नही येवाव ना?" लोटन भाऊंनी बसता बसता विचारलं.

"भाऊ, हा व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हाताने बंद केलाय. निश्चिंत बसा."

ते निश्चिंत बसले. नेमके पाइपावरच बसले, कारण जमिनीवरून उठताना त्यांना कंबरेचा त्रास होतो.

नारळ फुटला. अक्कांनी चारी डब्यांना कुंकू लावलं, लाल वायरींना विशेष प्रेमाने. वांगी भाजून झाली, बडगीत ठेचा सुरू झाला, लसणाचा आणि मिरचीचा वास सगळ्या मळ्यात पसरला. पानं मांडली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आल्या. आबा पहिल्या तुकड्याच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले होते, तिथे येणारं पहिलं पाणी बघायला. हातात टॉर्च होती. मला द्यायला आणली होती त्यांनी, भर दुपारी.

लाइट आली. विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली आणि तिची घरघर ऐकू आली. मी रिमोट उंच धरला. सगळ्यांनी आबांच्या दिशेने माना वळवल्या.

पहिल्या तुकड्यात काहीच झालं नाही.

चौथ्या तुकड्यात लोटन भाऊ उठले. ते कंबरेचा विचार न करता इतक्या वेगाने उठले की आधी मला त्यांचंच कौतुक वाटलं. मग त्यांच्या मागून पाणी उठलं. मग त्यांच्या डावीकडून, मग उजवीकडून, आणि बघता बघता पंगतीच्या मधोमध कारंज्यांची एक सरळ रांग उभी राहिली, कंबरेएवढी उंच, अगदी शिस्तीत. पुऱ्या पानांवरून तरंगत निघाल्या.

"अं माय व! चुल्हा इझी गया!" अक्का ओरडल्या.

"पोरी, बंद कर!" तिकडून आबा ओरडले.

"बंदच करतेय आबा!" मी चौथ्याचं लाल दाबलं. टक. पाणी तसंच. परत लाल दाबलं. या वेळी टकसुद्धा नाही.

"काय व्हयनं?"

"थांबा! कपॅसिटर भरतोय!"

"काय भरस?" भावकीतल्या एका काकांनी विचारलं. त्यांच्या धोतराचा पुढचा भाग आधीच भरला होता.

मी पाण्यात उभी राहून त्यांना समजावून सांगितलं की बॅटरी वाचवण्यासाठी धक्क्याची ऊर्जा आधी साठवावी लागते, त्याला थोडा वेळ लागतो आणि घाई केली तर धक्का कमजोर पडतो. (मी शिक्षिका आहे. कोणी काही विचारलं की मी सांगते. परिस्थिती बघत नाही.) काका लक्ष देऊन ऐकत होते, कारण त्यांची चप्पल वाहून गेली होती आणि तिच्याशिवाय त्यांना कुठे जाता येत नव्हतं. कपॅसिटर भरला. मी सगळा जीव अंगठ्यात आणून लाल दाबलं. टक! आणि पाण्याला काही फरक नाही. हिरवं दाबायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. एवढं पाणी येत असताना आणखी चालू कोण करेल?

"नितीन, पय! मोटर बंद कर!" आबांनी हुकूम दिला.

नितीन धावला. विहिरीकडे आणि चौथ्या व्हॉल्व्हकडे जायची वाट कारंज्यांमधूनच होती. तो एका बाजूने आत शिरला, मधे त्याच्या चष्म्यावर पाणी आलं, पाण्यावर चिखल आला, आणि तो ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने बाहेर आला. विहीर आली समजून त्याने माझा हात धरला.

"ही मोटर नाहीये, मी आहे!"

"मग दे इकडे तो रिमोट!" तो म्हणाला. आणि या माणसाने, ज्याला आजवर आमच्या टीव्हीचा आवाज कमी करता आलेला नाही, डोळे मिचकावत एक बटण दाबलं.

टक.

पाणी खाली बसलं. एकेक कारंजं बुटकं होत जमिनीत गेलं. फक्त बडगीतून वांग्याचं पाणी ठिबकत राहिलं. चिखलात उभं राहून भावकीने टाळ्या वाजवल्या. नितीनसाठी!

"शाब्बास रे भाऊ! येवढी शिकेल बाईले नही जमनं, ते तुले जमनं!"

"काही नाही हो, थोडं डोकं चालवलं," नितीन चष्मा पुसत म्हणाला. मी त्याच्या अंगठ्याखाली पाहिलं. त्याने चौथ्याचं हिरवं दाबलं होतं.

मला सगळं एका क्षणात कळलं. लाल, लाल, गाठ, चहा. चारी व्हॉल्व्ह उलटे जोडले होते, आणि निष्ठेने सगळे सारखेच उलटे. मी लाल दाबून दाबून उघडलेला व्हॉल्व्ह आणखी उघडत होते. मी भिजलेल्या पदराने तोंड पुसलं आणि आबांकडे गेले. त्यांची खुर्ची तेवढी कोरडी होती. टॉर्च त्यांच्या मांडीवर होती. मला रडू येत होतं, पार्टीसाठी नाही, वांगी काय परत भाजता येतात. त्या टॉर्चसाठी येत होतं.

"आबा, वायरी उलट्या जोडल्यात मी. पाच मिनिटांत सरळ करते."

"थांब," आबा म्हणाले. त्यांनी रिमोट हातात घेतला. पहिल्या तुकड्याचं लाल दाबलं. टक. समोर केळीच्या खोडांशी ठिबकच्या नळ्या थरथरल्या आणि थेंब पडायला लागले. आबा ते थेंब बघत बसले. मग हिरवं दाबलं, थेंब थांबले. लहान मुलासारखं त्यांनी ते चार-पाचदा केलं.

"लाल दाबं की पानी चालू, हिरवं दाबं की बंद. इतलं ध्यानमा ठेवाले मन्ही अक्कल पुरस. आते तू हात लावू नको. चालनारी चीज खोलानी नही."

"अहो पण उलटं आहे ते!"

"कसानं उलटं?" अक्का मागून आल्या. निथळत होत्या, पण कपाळावरचं कुंकू जागेवर होतं. "शुभ काम म्हंजे पयले लाल रंग! लाल दाबं की पानी सुरू. बराबरच शे."

लोटन भाऊंनी नवा जाळ पेटवला, वांगी परत आली, आणि भरीत दुसऱ्यांदा झालं. दुसरं पहिल्यापेक्षा चांगलं झालं असं सगळे म्हणाले. "मॅडम," लोटन भाऊ तोंडात घास धरून म्हणाले, "आम्हनं पानी जमीनमा जास, तुम्हनं आकाशमा जास. शिक्षनना फायदा!" टॉर्च मात्र आबांनी दिली नाही. थोडे दिवस बघू, म्हणाले.

त्यानंतरच्या रात्रपाळीच्या आठवड्यात आबा झोपले. खाटेवर पडल्या पडल्या लाल दाबायचे, गजर झाला की हिरवं दाबायचे, पुढच्या तुकड्याचं लाल दाबायचे आणि कूस बदलायचे. अक्कांनी फोनवर सांगितलं, "घोरस ना तो आते! इतला घोरस की माले झोप नही!" टॉर्च उशाजवळून उठून फळीवर गेली होती. मी इतकी सुखावले की वर्गात एकाही मुलाला दोन दिवस रागावले नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला चूक दिसली की बोटं शिवशिवतात. जगात सगळीकडे हिरवं चालू आणि लाल बंद, आणि माझ्याच सासऱ्यांच्या उशाशी उलटं? माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने पाहिलं तर? एका रविवारी आबा पाचोऱ्याला बाजारात गेले असताना मी चारी ठिकाणच्या वायरींची अदलाबदल करून टाकली. शास्त्रशुद्ध. आल्यावर त्यांना सांगणार होते. पण ते बाजारातून गरम जिलेबी घेऊन आले, आणि सांगायचं राहून गेलं. आम्ही जळगावला परतलो.

पुढच्या रविवारी, म्हणजे संक्रांतीला, मळ्यात गेलो तर पायरीवर आबांच्या चपला होत्या. चिखलाने माखलेल्या, ओल्या. टॉर्च फळीवर नव्हती, उशाजवळ होती. आबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"काय झालं आबा?"

"काही नही. लाल दाबं ते पानी उनं नही. दोन रात हाते फिराई उनू व्हॉल्व्ह. तुन्हं यंत्र थकी गयं व्हई." आणि वर मलाच धीर दिला, "व्हस असं. नवं काम शे."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि बागेत गेले. जे बरोबर होतं ते सगळं सोडवलं आणि जे चूक होतं ते परत जोडायला बसले. आता वायरी ओळखायच्या कशा, हा प्रश्न होताच. तेवढ्यात मागून अक्का आल्या. संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसल्या होत्या आणि हातात काळ्या वायरीचं भेंडोळं होतं, पार्टीच्या दिवशी मी काढून टाकलेलं.

"हाई घे," त्या म्हणाल्या. "आज काया रंग चालस."

तेव्हा आज आमच्या मळ्यात लाल वायर लाल आहे, काळी काळी आहे, सगळं नीट खुणा करून, दोनदा तपासून, व्यवस्थित चुकीचं जोडलेलं आहे. पाण्यासकट तपासलं. आबांनी लाल दाबलं, थेंब आले. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि त्याच्यावर टॉर्च ठेवली.

"हाई तू लई जाय. माले काय काम आते?"

ती टॉर्च मी जळगावला आणली. धुऊन पुसून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली, नवे सेल घातले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची गोष्ट सांगू लागले. आबा झोपतात, आणि ते माझ्या सर्किटमुळे झोपतात, हे मी गोष्टीत दोनदा सांगते. परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनींना तेच सांगत असताना लाइट गेली. मी ऐटीत उठले, टॉर्च काढली आणि बटण दाबलं. अंधार. परत दाबलं. अंधार.

"लाल दाबून बघ," अंधारातून नितीन म्हणाला.

मग त्यानेच टॉर्च घेतली, मागचं झाकण फिरवलं आणि बोटाने चाचपून पाहिलं. सेल मी घातले होते. दोन्ही, अगदी एकसारखे, उलटे.